प्रतिसाद: स्वस्त स्प्लिट केन फ्लाय रॉड घ्यावा का?

स्वस्तातला जुना स्प्लिट केन रॉड, म्हणजे कृत्रिम माशीचा गळ फेकून मासे धरण्याची (फ्लाय फिशिंगची) बांबूच्या पट्ट्यांची काठी, निव्वळ भिंतीवर टांगण्याच्या लायकीचा असतो, हे या चर्चेत मांडलेले मत मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत माँटेग्यू, साउथ बेंड, हॉरॉक्स-इबॉटसन या कंपन्यांनी सामान्य गिऱ्हाइकासाठी असे रॉड ढिगाने बनवले. चीनमधील ग्वांगडोंगच्या टोंकिन बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षट्कोनी काठी करण्याची रीत महागड्या रॉडचीच होती. हात आखडता घेतला होता तो फिनिशिंगमध्ये. पुढे 1950 च्या अमेरिकी व्यापारबंदीने हा बांबू मिळेनासा झाला आणि फायबरग्लासच्या रॉडचे चांगलेच फावले.

विकत घेताना कंपनीचे नाव नंतर पाहावे, आधी सर्व तुकडे शेजारी ठेवून त्यांची लांबी ताडून पाहावी, कारण टोकाचा तुकडा आखूड भरला तर तो बहुधा मोडून दुरुस्त केलेला असतो. फेरूल, म्हणजे धातूचा सांधा, ओढल्यावर ‘टप्’ असा आवाज करून सुटला तर समजावे की तो घट्ट आहे. सैल सांध्याच्या दुरुस्तीत रॉडच्या किमतीहून जास्त पैसे जाऊ शकतात. किंचित बाक असला तर मी तरी हरकत घेणार नाही.

ग्रॅफाइटच्या (कार्बन तंतूंच्या) रॉडच्या सवयीने दोरी घाईघाईने फेकू नये. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होऊ द्यावी, मग लहान ओढ्यातल्या ट्राउट माशांसाठी अशी काठी उत्तम चालते. गळ झुडपात अडकला तर रॉडने हिसका न देता दोरी हाताने ओढावी, आणि ओला रॉड पुसून वाळवल्याशिवाय ठेवण्याच्या नळीत बंद करू नये.