पोट दिसायला लागलं की चालणं बंद? (चर्चा)

पाचपाखाडीकरीण
सहावा महिना चालू आहे, पहिलटकरीण आहे. सकाळी कचराळी तलावाला अर्धा तास चालते. पहिल्या फेरीला कोणी काही बोलत नाही. दुसऱ्या फेरीला मात्र बाकावरच्या काकूंपैकी एक तरी थांबवतेच, "अगं बास आता, घरी सांगणारं कोणी नाही का?" सांगणारे भरपूर आहेत हो! वाकू नको, हात वर करून कपडे वाळत घालू नको, जिना उतरू नको. आणि हीच मंडळी नववा लागला की म्हणणार, "उकिडवी बसून लादी पूस, म्हणजे नॉर्मल होईल." आठ महिने पाटावर बसवायचं आणि नवव्यात एकदम लादीवर, हा कुठला हिशोब?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली स्पष्ट सांगितलंय की डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर गरोदरपणात आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. माझं मत एवढंच की 'जपणं' म्हणजे बसवून ठेवणं नव्हे. तुम्हाला काय वाटतं?

नौपाड्याची_मावशी
मी त्या बाकावरच्यांपैकीच एक असेन बहुतेक! थांबवते, कारण मला माहीत आहे की पाऊस पडून गेला की फरशीवर शेवाळ धरतं. तिथे धडधाकट माणसं आपटलेली पाहिली आहेत. माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा सगळ्यांनी मलाच विचारलं होतं, "काय उचललंस?" म्हणून तोंडातून निघतं. शिवाय आमच्या वेळी भरलेल्या बादल्या, पाटा-वरवंटा, सगळं शेवटच्या दिवसापर्यंत चालू होतं. वेगळा व्यायाम कोणी केला? घरात हातपाय हलते ठेवा, पुरे.

कळवा_स्लो
१५० मिनिटं. छान. माझा हिशोब ऐका. सकाळच्या स्लो लोकलने कळवा ते दादर, रोज उभी. पूल चढा, पूल उतरा, संध्याकाळी तेच उलटं. पाचवा महिना आहे, ओढणी घेतली की पोट दिसत नाही. "कुठे उतरणार?" विचारत डबाभर फिरायचं, मुलुंडला तिघींच्या बाकाच्या टोकाची, कोणाची तरी चौथी सीट मिळाली तर नशीब. दिव्यांग डब्यात गरोदर बाईला चढता येतं हे मला माहीत आहे, पण तिथे एकदा "पोट कुठे आहे?" असं ऐकून घेतलं, परत गेले नाही. घरी आल्यावर पावलं इतकी सुजलेली असतात की चपलेचे पट्टे उमटतात. मला व्यायाम सांगू नका, बसायला जागा द्या. कचराळीच्या फेऱ्या ही ज्यांच्याकडे सकाळ शिल्लक आहे त्यांची गोष्ट आहे.

नेरूळचा_बाबा
कळवा_स्लो यांना दहा मार्क. आमच्याकडे बायकोला एका क्लासने 'फिट प्रेग्नन्सी' पॅकेज विकलं, त्यात चटई, मोठा चेंडू आणि मंत्रांची पेन ड्राइव्ह. चेंडूवर सध्या आमचा मोठा मुलगा बसतो. इथल्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत ती फुकटात चालली असती.

ऐरोलीची_फिजिओ
गरोदर बायकांबरोबरच काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

कळवा_स्लो, तुमची धावपळ म्हणजे थकवा आहे, आणि मी त्याला व्यायामात धरत नाही. तासभर एका जागी उभं राहिलं की रक्त पायात साठतं, म्हणून सूज येते, चक्कर येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू तेच रक्त वर ढकलतात. तेव्हा उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहा, घरी डाव्या कुशीवर पडून पायाखाली उशी घ्या. आणि अख्ख्या अर्ध्या तासाची वाट बघू नका, दहा-दहा मिनिटंही धरली जातात.

मावशी, उचलल्यामुळे तुमचं बाळ गेलं नाही. सुरुवातीच्या महिन्यांतले बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. घसरण्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. या काळात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाने तोलही पुढे जातो.

किती जोर लावायचा? चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणताना धाप लागली तर चालेल. निम्मे दिवस उलटल्यावर पाठीवर उताणं पडून व्यायाम नको, पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते. रक्तस्राव, पाणी जाणं, छातीत दुखणं, ठरावीक वेळाने कळा, एका पोटरीत दुखून सूज, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. व्यायामाने गरोदरपणातल्या साखरेचा धोका कमी होतो. पण लादी पुसून 'नॉर्मल'ची हमी मिळत नाही, तशी कशानेच मिळत नाही.

वार_खाली
सगळ्यांना चालायला लावणाऱ्यांनी हेही वाचा. माझी वार (प्लासेंटा) खाली, पिशवीच्या तोंडाशी होती, अठ्ठाविसाव्या आठवड्यात रक्तस्राव झाला, व्यायाम बंद. सोसायटीतल्या मैत्रिणी म्हणायच्या, "आळस करतेस, मी नवव्या महिन्यापर्यंत योगा केला." आधी 'बसून राहा'चा जाच असायचा, आता 'हलत राहा'चा. आजूबाजूच्यांनी गप्प बसायचा पर्याय कोणाला आवडत का नाही?

ऐरोलीची_फिजिओ
बरोबर. वार खाली असणं, पिशवीच्या तोंडाला टाका, वाढलेला बीपी, रक्त खूपच कमी, अशांना माझाही नकारच. पण तेव्हासुद्धा "पूर्ण पडून राहा" हा सल्ला सरसकट नको. नुसतं पडून राहिल्याने वेळेआधीची प्रसूती टळते असं दिसलेलं नाही, उलट पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पाचपाखाडीकरीण
वार_खाली, चुकलंच, मनाईचं मी एका ओळीत उरकलं. कळवा_स्लो, तुमच्यापुढे माझ्या फेऱ्या चैनच आहेत, मान्य. पण मग भांडण व्यायामाशी नाही, डब्याशी आहे. आमच्या ऑफिसने मला दोन दिवस घरून काम दिलंय. तुमचं ऑफिस देईल का?

नौपाड्याची_मावशी
फिजिओबाई, ते गुणसूत्रांचं एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. दोनदा वाचलं.
पाचपाखाडीकरीण, तू निळ्या सपाट चपला घालून येतेस तीच का? तसं असेल तर फेऱ्या खुशाल मार, पण बूट घे.

कळवा_स्लो
विचारलं. "पॉलिसीत बसत नाही." आज भांडुपपर्यंत टाचा वर-खाली केल्या. समोरच्या बाईने विचारलं, "बरं नाहीये का?" आणि सरकली. चौथी सीट मिळाली.