विमान रद्द : गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईला भाड्याची गाडी न्यावी का?

प्रश्न : आखातातल्या संघर्षामुळे वेळापत्रक कोलमडलंय. मोपा–मुंबई विमान रद्द, मुंबई–दुबई मात्र सुटणार आहे. सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊ का?

उत्तर १ : आधी एअरलाइनला गाठा. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असतील तर पहिला परस्पर सोडू नका. ‘नो-शो’ (न कळवता गैरहजर) अशी नोंद झाली तर पुढचं तिकीटही जाऊ शकतं. मोपाचा टप्पा काढून तिकीट नव्याने इश्यू करून घ्या, मगच गाडी बघा.

उत्तर २ : स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच, म्हणजे भाड्याने द्यायला नोंदलेली गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. ती गाडी राज्याबाहेर न्यायचं परमिट आहे का, हे पाहा. नाहीतर गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवीलाच अडकाल. एकेरी प्रवासाला मालक सहसा तयार नसतात, झालेच तर परतीचा खर्चही लावतात. म्हणून माझं स्पष्ट मत : चालकासह पिवळ्या पाटीची टॅक्सी करा. रात्रभर स्वतः गाडी हाकून विमान पकडू नका.

उत्तर ३ : अंतर सुमारे ६०० किमी, बारा तास तरी धरा. सावंतवाडी–आंबोली–आजरा करत संकेश्वरला पुणे हायवे लागतो. पावसाळ्यात आंबोलीत दाट धुकं असतं, घाट उजेडातच चढा. फास्टॅगमध्ये पैसे भरलेत ना, तेही निघतानाच विचारा.