अनुभव धागा: पिशवीतली गाठ, ती कुठं होती आणि त्रास काय होता

सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीतली साधी गाठ, निघालं की घरातले पहिलं विचारतात, केवढी गाठ? मीही तेच विचारलं होतं. सुरुवात मीच करते.

परभणी, वय ४४. गाठ ८ सेंटिमीटर, पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, मूत्राशयावर टेकलेली. पाळी अगदी वेळेवर, चार दिवसांची. पण लघवीला तासातासाला. एसटीनं संभाजीनगरला जायचं तर सकाळपासून पाणी बंद, तरी जालना स्टँडवर कंडक्टरच्या हातापाया पडून उतरायचंच. वर्षभर शुगर तपासत बसले, पोट कुणी तपासलंच नाही. तुमचंही लिहा. नाव नको.

लातूर, शिक्षिका: ताई, तुमच्या गाठीपुढं माझी म्हणजे बोर. २ सेंटिमीटर. पण आतल्या बाजूला, अस्तराखाली. नऊ-नऊ दिवस अंगावर जायचं, रक्ताच्या गाठी पडायच्या, तासाला पॅड. वर्गात खुर्चीवरून उठायच्या आधी हातानं साडी चाचपून बघायची. घरात एकच पालुपद, चाळिशीत असंच जातं. मग जिना चढताना धाप लागायला लागली. आणि सांगायला लाज वाटते, तांदूळ निवडताना मूठ-मूठ कच्चे तांदूळ खायचे. हिमोग्लोबिन ६.४ निघालं, बाईला किमान १२ तरी पाहिजे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही तांदळाची ओढसुद्धा लोह कमी झाल्यामुळंच. आधी रक्त चढवलं, मग खालच्या मार्गानं दुर्बीण घालून गाठ काढली. पोटाला टाका नाही, पिशवी शाबूत. गोळ्यांवर लगेच चहा प्यायचा नाही, लोह अंगी लागत नाही, एवढं पथ्य मात्र सोसवेना.

धागाकर्ती: कच्चे तांदूळ! आमची आत्या चुलीची माती खायची, आम्ही हसायचो तिला.

हिंगोली: ४ सेंमी, भिंतीत. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, त्यात फुकटात सापडली. त्रास शून्य. तशीच राहू दिली. पाळी गेल्यावर आकसली, आता अडीच.

नांदेड: माझं उलटं. ३ सेंमीची गाठ होती, म्हणून पाळीतल्या पोटदुखीचा सगळा दोष सहा वर्षं तिच्यावर. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट बघितलं तर ॲडेनोमायोसिस, म्हणजे अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरलेलं. पिशवीत हार्मोनचं साधन बसवलं, दुखणं पुष्कळ कमी झालं. गाठ अजून आहे तिथंच, बिचारी.

बीड जिल्हा: सासूबाईंच्या वतीनं लिहिते. ऊसतोडीला जायच्या. एकतिसाव्या वर्षी पांढरं जायचं आणि कंबर दुखायची. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या, कंबर नाही तर काय दुखणार? एका खासगी दवाखान्यात सांगितलं, गाठ आहे, कॅन्सर होईल, पिशवी काढा. उचल घेऊन काढली, अंडाशयांसकट. एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापायचा, त्यामुळं पाळीची कटकट गेली तर बरंच, असंही त्यांना वाटलं होतं. तो रिपोर्ट अजून पत्र्याच्या पेटीत आहे. मी नर्सिंग करताना उघडून वाचला. गाठ १२ मिलिमीटर, भिंतीतली. एवढ्याशा गाठीनं पांढरं जात नाही, ते बहुतेक जंतुसंसर्गाचं असणार. आणि अशी गाठ कॅन्सरची निघणं फारच दुर्मीळ. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय गाजला, सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा मी टीव्ही लावून दिला. सासूबाई म्हणाल्या, "मपलं तर कवाच गेलं." कंबर अजून दुखतीच त्यांची.

जालना, वय २६: माझी ५ सेंमी. स्थळ बघणं चालू आहे, आई म्हणते कुणाला सांगू नको. काढून टाकू का?

धागाकर्ती: केवढी ते कळलं. रिपोर्ट काढ आणि कुठं आहे ते वाच. आणि त्रास काय होतो, ते लिहिलंच नाहीस.