मदत हवी आहे: ऑनलाइन प्रभुभोजनाचं तुमच्या चर्चमध्ये काय ठरलंय?

सलाम मंडळी. आमचं नगरकडचं छोटं प्रॉटेस्टंट चर्च आहे, लॉकडाऊनपासून उपासना युट्यूबवर लाइव्ह असते, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं आणि गुडघे दुखणाऱ्या आज्या तिथेच बघतात, चांगलंच आहे ते. दानाच्या थैलीसोबत क्यूआर कोडपण आलाय, त्यावर कुणाची तक्रार नाही (पैशाचं वावडं कुणाला!). घोडं अडलंय प्रभुभोजनावर, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीवर. तरुण म्हणतात पाळकसाहेबांनी स्क्रीनवरून प्रार्थना केली की घरची भाकर आणि द्राक्षरस चालतो, २०२० मध्ये बऱ्याच ठिकाणी तसं झालंच की, तर वडीलमंडळी बायबलमधला १ करिंथ ११ वा अध्याय उघडून दाखवतात की तिथे "एकत्र जमता" असं लिहिलंय. कॅथलिकांचं बरंय, व्हॅटिकनने २००२ मध्येच सांगून टाकलं की इंटरनेटवर साक्रामेंत (प्रभुभोजनासारखे पवित्र विधी) होत नाहीत. आमच्यात ठरवणार कोण? मला विचाराल तर आजाऱ्यांना पाळकांनी घरी जाऊन द्यावं, पण पाळक एक आणि गावं पाच-सहा. तुमच्याकडे बिशपांचं किंवा सिनॉडचं (चर्चच्या वरच्या सभेचं) काही लेखी पत्रक आलं होतं का? पुढच्या महिन्यात कमिटीची मीटिंग आहे, कुणाकडे असेल तर फोटो टाका प्लीज.