प्रत्यारोपणात जुनी मूत्रपिंडे काढतात का?

प्रश्न (चोपडा): थोरल्या भावाचे जळगावला डायलिसिस चालू आहे. आई मूत्रपिंड द्यायला तयार आहे. परंतु निकामी मूत्रपिंडे काढून त्याच जागी नवे बसवतात का, हे कृपया सांगावे.

उत्तर (धुळे): नाही. जुनी मूत्रपिंडे बहुधा जागेवरच राहू देतात आणि नवे ओटीपोटात एका बाजूला बसवून त्याच्या रक्तवाहिन्या पायाकडच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना, तर मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. म्हणूनच तिथे हाताला फुगवटा लागतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र नवे मूत्रपिंड चालते तोवर घ्यावीच लागतात, त्यांत खाडा नको.

उत्तर (शहादा): १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे आई जवळची नातेवाईक ठरते. तिचा रक्तदाब, साखर आणि दोन्ही मूत्रपिंडांचे काम आधी तपासतील. त्यांत दोष आढळला तर तिला आग्रह करू नका, ही कळकळीची विनंती.