आपली 'पारंपरिक' फळं नक्की कोणती? शाळेच्या पोस्टरसाठी मदत हवीय

खट्टामिठा:
नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेत 'आपली पारंपरिक फळं' असं प्रदर्शन आहे आणि यादी बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पालकांच्या ग्रुपवर आलेली नावं: सीताफळ, पेरू, चिकू, पपई, जांभूळ, करवंद, बोर, कोकम. आता एकजण म्हणतात यातली अर्धी पोर्तुगीजांनी आणलीत, काढून टाका, तर दुसऱ्या ताई म्हणतात आमच्या पणजीने खाल्लेलं फळ परदेशी कसं काय. महाभारत चालू आहे नुसतं. त्यात प्रत्येक फळाखाली 'आरोग्यदायी फायदे' लिहायचेत आणि त्यासाठी जे फॉरवर्ड येतायत ते वाचून वाटायला लागलंय की डॉक्टर लोक उगाचच इतकी वर्षं शिकतात. जांभळाच्या बियांनी शुगर जाते, कोकमाने वजन, करवंदाने हिमोग्लोबिन वाढतं... काय लिहू आणि काय नको?

जुनं_खोड:
तुमचे ते पालक बरोबर बोलतायत पण काढायची गरज नाही. पेरू, पपई, अननस, काजू, सीताफळ ही सगळी मूळची अमेरिका खंडातली, १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात बसले आणि त्यानंतरच्या काळात ही फळं किनाऱ्यावरून आत पसरली. सीताफळाचा मात्र जुना वाद आहे, मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या शिल्पांत, म्हणजे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी, ते दिसतं असं काहींचं म्हणणं, बाकीच्यांना ते पटत नाही. चिकू तर आणखी उशिरा आला, मूळ मेक्सिकोकडचा, आणि आज घोलवडच्या चिकूला जीआय टॅग, म्हणजे 'हे इथलंच' असा भौगोलिक ओळखीचा सरकारी शिक्का, आहे. म्हणजे परदेशी की आपला, तुम्हीच ठरवा.

बोर मात्र खरंच जुनं. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं होतं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत धान्याबरोबर बोराच्या जळक्या बियाही सापडल्या. संक्रांतीच्या सुगडात आपण अजून बोरंच घालतो ना.

आणि फणस, आंबा कसा विसरलात? आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभाराच्या ग्रंथात, रामचंद्रपंत अमात्यांनी स्पष्ट लिहिलंय की आरमाराला लाकूड लागतं हे खरं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलीत. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यायचं. पोस्टरवर हे टाकाच, मुलं वाचतील.

रातांबा_सिंधुदुर्ग:
कोकमाखाली 'कोकम सरबत' एवढंच लिहू नका प्लीज. फळ म्हणजे रातांबा. मे महिन्यात आमच्याकडे घरातली सगळी माणसं हात लाल करून बसलेली असतात, रातांबा फोडायचा, गर आणि बिया एका भांड्यात, सालं वेगळी. गराला मीठ लावलं की रस सुटतो, तो गाळला की आगळ, सोलकढीत जातं ते. सालं त्याच खारट रसात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करून परत रसात, सकाळी परत ऊन, अशी चार-पाच पुटं दिली की काळं मऊ आमसूल तयार होतं. पुटं कमी दिली तर ते नुसतंच सुकटलेलं साल राहतं, बाजारात स्वस्त मिळतं त्यातलं बरंचसं तसलं असतं आणि म्हणून मग आमटीत आठ-आठ टाकावी लागतात. आणि हे सगळं पाऊस यायच्या आत उरकायचं, एक वळीव पडला की बुरशी. बियाही फुकट जात नाहीत, त्यांचं तेल काढतात, गार झालं की मेणासारखं घट्ट होतं, टाचांच्या भेगांना आमच्याकडे दुसरं काही लावतच नाहीत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला पण जीआय आहे बरं का.

गोळ्या_वेळेवर_घ्या:
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून फायद्यांबद्दल लिहिते. कृपया 'अमुक रोग बरा होतो' असं एकही वाक्य टाकू नका, मुलं ते घरी जाऊन आजोबांना वाचून दाखवतात.

जांभूळ: बियांच्या पावडरीचे प्रयोग बरेचसे उंदरांवर झालेत, माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. फळ खा, मजेत खा, पण पावडर सुरू केली म्हणून मधुमेहाची गोळी कुणी बंद करायची नाही. गोळी आणि पावडर दोन्ही घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून, साखर जास्तच खाली गेली तर ती वेगळी भानगड.

कोकम: वजनाची जी जाहिरात असते ती हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड या त्यातल्या आम्लाची, आणि त्या कॅप्सूल बहुतेकदा कोकमाच्या चुलतभावाच्या, म्हणजे त्याच कुळातल्या दुसऱ्या फळाच्या असतात. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली, खोट्या गोळीपेक्षा काही जास्त वजन उतरलं नाही. आणि सरबतात आपण साखर किती घालतो ते पण बघा की!

करवंद: लोहाचा जो ३९ मिलिग्रॅमचा आकडा फिरतो तो १०० ग्रॅम वाळवलेल्या करवंदाचा. ताज्यात बहुतेक पाणीच, त्यामुळे हिमोग्लोबिन त्याच्या भरवशावर सोडू नका.

बिनधास्त लिहा असं एकच: आवळा, पेरू, काजूचं बोंड यांत क जीवनसत्त्व भरपूर. आणि सीताफळाखाली इशारा हवाच, बियांची पूड उवांसाठी लावतात ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

वऱ्हाडी_ठसका:
बापा, महाराष्ट्र म्हणजे फक्त कोकण का? टेंभरं कुठंय, चारं कुठंय, येरोण्या (रानातली बारकी बोरं) कुठंय? टेंभराची पानं बिडीसाठी सगळ्यांना माहीत पण पिवळं पिकलेलं गोड टेंभर शहरात कोणी पाहिलेलं नसतं. चारोळी बासुंदीवर टाकता ना, ती चाराच्या बीमधली, वरचा जांभळा गर पोट्टे खातात. भाव चांगला म्हणून लोक कच्चीच तोडतात, फांद्यासकट, मग जंगलात नवीन झाड येईल कुठून. हे पण लिहा पोस्टरवर, फायदे-बियदे राहू द्या.

जुनं_खोड:
+१. आणि चिकूवाल्या भांडणावर तोडगा सांगतो, चिकूची कलमं बांधतात ती खिरणीच्या खुंटावर. खिरणी म्हणजे रांजणी, आपल्याच मुलखातलं जुनं झाड, पिवळी गोड फळं येतात. म्हणजे वरचा मेक्सिकन आणि मुळं इथली. दोन्ही पालकांना अर्धे-अर्धे मार्क द्या.

खट्टामिठा:
हा चिकू थेट ग्रुपवर टाकते 😂 ठरलं मग, दोन रकाने करते, 'इथलीच' आणि 'येऊन इथली झालेली'. टेंभरं, चारं, येरोण्या पहिल्यात, वऱ्हाडी भाऊ रागावू नका. फायद्यांच्या जागी ते फळ कधी मिळतं आणि त्याचं घरात काय काय करतात ते लिहीन. रातांबा दादा, एक विचारू का, शाळेच्या मागे मोकळी जागा आहे, कोकमाची बी लावली तर येईल?

रातांबा_सिंधुदुर्ग:
येईल हो, पण नर निघाला तर? कोकमात नर-मादी झाडं वेगळी, बी लावलीत तर फुलं येईपर्यंत सहा-सात वर्षं कळत नाही काय आहे ते, तुमची मुलगी कॉलेजात गेलेली असेल. मादीचं कलम घ्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' मागा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात सावली करा आणि पाणी द्या, बाकी फार काही मागत नाही ते झाड.