बल्बचा रेझिस्टन्स मीटरवर ०.८ ओहम, हिशेबाने ७ ओहम. खरा कोणता?

प्रश्न (फ्लॅशर_फास्ट):
गाडीच्या इंडिकेटरमधला १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब काढून एलईडी लावायचा आहे. एलईडी करंट फार कमी घेतो, फ्लॅशरला (इंडिकेटर चालू-बंद करणाऱ्या भागाला) वाटतं बल्ब उडाला आणि तो भराभर टिकटिकतो. म्हणून बल्बइतकाच लोड देणारा रेझिस्टर जोडायचा आहे. बल्ब सुटा करून मल्टिमीटरने मोजला तर ०.८ ओहम आला. पॉवरचं सूत्र V²/R (व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स) लावलं तर १२.१ × १२.१ ÷ ०.८ = १८३ वॅट! मग बल्ब पॉवर सप्लायवर पेटवून सिरीजमध्ये अँमीटर लावला: सप्लायवर १२.१ व्होल्ट, करंट १.७१ अँपियर. १२.१ ÷ १.७१ = ७.०८ ओहम. मीटर बिघडलाय की सूत्र चुकतंय? रेझिस्टर कितीचा घेऊ?

ओहमचा_वकील:
मीटर ठीक आहे, सूत्रही ठीक. तुम्ही रेझिस्टन्स थंड बल्बचा घेतला आणि व्होल्टेज पेटलेल्या बल्बचं.

आधी त्या ०.८ मधली भर काढा. मीटरच्या दोन्ही प्रोब (वायरींची मोजायची टोकं) एकमेकांना टेकवून जो आकडा दिसेल तो वायरींचा. साधारण ०.२ ते ०.३ ओहम असतो. मोठ्या रेझिस्टन्सला हे चालून जातं, इथे मात्र तिसरा हिस्सा तोच असू शकतो.

उरलेला फरक टंगस्टनचा. तापल्यावर त्याचा रेझिस्टन्स दहा ते पंधरा पट वाढतो. त्यामुळे फिलामेंटचा उपयोगी आकडा तो पेटलेला असतानाच मिळतो, तोही ओहम रेंजवर नाही, V ÷ I (व्होल्टेज भागिले करंट) करून. (चालू सर्किटवर ओहम रेंज लावायची नाही, मीटर स्वतःचा करंट सोडून मोजतो, बाहेरचं व्होल्टेज आलं की आकडा निरर्थक, कधी मीटरही जातो.)

तुमच्या ७.०८ मध्येही एक गोची आहे. १२.१ हे सप्लायच्या टोकाचं व्होल्टेज, बल्बचं नाही. मधल्या वायरी, क्लिपा आणि अँमीटर आपापला वाटा खातात. करंट वाहत असताना दुसरा मीटर थेट बल्बच्या दोन टोकांवर धरा.

फ्लॅशर_फास्ट:
प्रोब टेकवून ०.३ येतो. बल्बच्या टोकांवर ११.६ व्होल्ट, करंट तोच १.७१.

ओहमचा_वकील:
मग बल्ब: ११.६ ÷ १.७१ = ६.७८ ओहम, आणि ११.६ × १.७१ = १९.८ वॅट. राहिलेला अर्धा व्होल्ट वायरींत गेला, म्हणजे ०.५ ÷ १.७१ = ०.२९ ओहम. बल्बवरच्या छापाशी ताडून पाहा: २१ ÷ १२ = १.७५ अँपियर, १२ ÷ १.७५ = ६.८६ ओहम. जुळतंय. व्होल्टेज थोडं कमी, फिलामेंट थोडं थंड, म्हणून रेझिस्टन्सही किंचित कमी.

आणि ते १८३ वॅट अगदीच खोटे नाहीत. स्विच दाबल्याच्या क्षणी फिलामेंट थंडच असतं, तेव्हा करंट खरोखर त्या दिशेला उसळतो. क्षणार्धात खाली येतो. २-३ अँपियरचा छोटा सप्लाय अशा बल्बवर कधी कधी अडखळतो तो याचमुळे.

गरम_हीटसिंक:
रेझिस्टर ६.८ ओहमचा घ्या, बाजारात मिळणारा स्टँडर्ड आकडा आहे. ०.८ चा लावला असता तर सतत १५ अँपियर: फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर वायर वितळली असती.

वॅटेज १२ व्होल्टवर काढू नका. इंजिन चालू असताना १४.४ पर्यंत जातं: १४.४ × १४.४ ÷ ६.८ = ३०.५ वॅट. व्होल्टेज २० टक्क्यांनी वाढलं की पॉवर ४४ टक्क्यांनी वाढते, वर्ग आहे ना. इंडिकेटर साधारण निम्मा वेळच चालू असतो हे खरं, पण त्या भरवशावर २५ वॅटचा घेऊ नये. फ्लॅशर चालू अवस्थेत अडकला तर पूर्ण ३० वॅट त्याच्यावर बसतात. ॲल्युमिनियम कवचाचा ५० वॅट घ्या.

तो ५० चा आकडाही धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवल्यावरचा आहे. हवेत लोंबकळत ठेवला तर निम्म्याहून कमी झेपतो. प्लॅस्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला टेकवू नका. चालू झाल्यावर हात लावण्याजोगा राहत नाही. जोडणी एलईडीला पॅरलल. सिरीजमध्ये लावला तर करंट एलईडीइतकाच राहील आणि टिकटिक जशीच्या तशी.

तिसरा_प्रोब:
करंट मोजून झाला की लाल प्रोब १० अँपियरच्या सॉकेटमधून लगेच काढून व्होल्टच्या सॉकेटात टाका. तो विसरून बॅटरीवर व्होल्टेज बघायला गेलात तर मीटर म्हणजे निव्वळ तार, थेट शॉर्ट. स्वस्त मीटरांत त्या सॉकेटला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. आणि हा करंट मिलिअँपियरच्या सॉकेटवर मोजू नका, आतला फ्यूज जाईल.